सरांच्या हातासाठी बांधलेली गाडी

श्री. दिगंबर हिप्परगेकर सर मुखेडला आम्हाला विज्ञान शिकवत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. दहावीच्या वर्षी सरांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, त्यांच्या पत्नीनं, आमच्या बाईंनी, मला दोन वेळचं जेवू घातलं, आणि निकालानंतर सर स्वतः माझ्याबरोबर एस.टी.नं नांदेडला आले. प्रवेशाच्या अर्जावर पालकांच्या सहीच्या जागी वडिलांचा अंगठा होता. बाकीचं सगळं अक्षर सरांचं होतं. आज मी नांदेडच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. माझं जे काही बरं झालं ते त्यांच्यामुळे झालं, हे आधी सांगून ठेवतो. पुढं जे लिहिलं आहे ते मी त्यांची परतफेड कशी केली त्याबद्दल आहे.

सरांची पुढं औसा तालुक्यात, त्यांच्या गावाजवळ बदली झाली. तिथंच भूकंपात घर पडलं. सर तुळईखाली सापडले आणि डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नोकरी सुटली. दोघं रेणापूरला बाईंच्या भावाच्या रिकाम्या घरात राहायला आले. पाच-सहा वर्षं सर घरातच होते. या काळात लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. बाहेरगावची मुलं खोल्या करून राहू लागली आणि चांगल्या शिक्षकाला मागणी आली. तिथल्या एका क्लासच्या चालकांनी सरांना निरोप पाठवला : नवी बॅच सोमवारी सुरू होते, रोज सकाळी सहाला यायचं, भौतिकशास्त्र घ्यायचं. सर हो म्हणाले. अडचण एकच होती. सहाच्या आत पोचवणारी एस.टी. रेणापुराहून नव्हती, तिची पायरी सरांना चढवत नव्हती, आणि रोज कुणाच्या तरी भरवशावर जायला ते तयार नव्हते.

सरांसाठी एक गाडी मी दोन वर्षांपासून बांधतच होतो. जुन्या जीपची चासी, तिचंच इंजिन, भंगारातून घेतलेला दुसरा गिअरबॉक्स, वरची बॉडी लोखंडी अँगल आणि पत्र्याची. दिसायला ती दुधाच्या गाडीसारखी दिसायची. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर उजव्या पायाचे, ते सरांना जमणार होते. क्लच डाव्या पायाचा. म्हणून मी गिअरच्या दांडीवर सायकलच्या ब्रेकसारखी मूठ बसवली. मूठ दाबली की तार ओढली जाते, क्लच सुटतो, त्याच हातानं गिअर टाकायचा. मागच्या भेटीत सरांचा पंजा कागदावर ठेवून मी पेन्सिलीनं त्याची आकृती काढून आणली होती. तिच्या मापानं मूठ केली.

शुक्रवारी निघायचं, शनिवारी दुपारपर्यंत रेणापूर, रविवारी सरांचा सराव, सोमवारी सहाला लातूर. असा बेत होता.

शुक्रवार : नांदेड ते मुखेड

निघण्याच्या आदल्या दिवशी मी गिअरबॉक्सचं तेल बदललं. सरांना द्यायची गाडी, तिच्यात भंगारवाल्याचं काळं तेल कशाला, असा विचार केला. तेलातून भिजलेल्या रव्यासारखा लगदा निघाला. मी तो मळ समजून डिझेलनं स्वच्छ धुऊन काढला आणि पुस्तकात लिहिलेलं नवं तेल भरलं.

नांदेडच्या बाहेर पडेपर्यंत काही कळलं नाही. मग गोदावरी मागं पडली, रहदारी कमी झाली, आणि पायाखालून आवाज येऊ लागला. जड गुरगुर. दूरवर जात्यावर कुणी दळत बसल्यासारखी. तिच्यावर आणखी एक बारीक किणकिण. वेग वाढला की दोन्ही वाढत, आणि इंजिनाची धडधड त्यात अशी मिसळे की कोणतं कुठून येतं ते समजेना. प्रयोगशाळेत मी दोन नादकाटे घेऊन मुलांना आवाजाचा प्रयोग लावून देतो. इथं माझ्या स्वतःच्या आसनाखाली काय वाजतंय ते मला सांगता येईना.

नायगावला रस्त्याकडेला एक गॅरेज दिसलं. मालक हमीदभाई, साठीचे, पांढरी दाढी, बनियनवर. बशीतला चहा संपवूनच उठले. आमच्या नांदेडात आता कपालाच तोंड लावतात. इथं बशीत ओतल्याशिवाय चहा प्यायला असं कुणी मानत नाही. मलाही बशीच दिली.

"गाडी किसने बनाई?"

"मी."

"बनाई अच्छी. दिखती बुरी." त्यांनी हाताएवढा लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक गिअरबॉक्सला टेकवलं आणि दांडा कानाला लावला. डॉक्टर नळी लावतो तसं. "मूठ दबाओ. छोडो. फिरसे दबाओ." मग उठून हात पुसत म्हणाले, "मास्तर, तेल बदला क्या?"

"हो. कालच."

"उसमें कुछ था? दलिया सरीखा?"

"हो, मळ होता. धुऊन काढला."

हमीदभाई हसायला लागले. शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारून म्हणाले, "सुनो रे, मास्तरनं भुसा धोके निकाला!" मग मला मराठीत समजावलं : "भंगारवाला लाकडाचा भुसा टाकून विकतो. भुसा आवाज पितो. बेअरिंग तर पहिलेपासूनच गेलेली हाय. तुम्ही आवाजावरचं झाकण काढलं, बस."

त्यांनी दोन आवाज वेगळे करून दाखवले. मूठ दाबली की गुरगुर थांबते, म्हणजे ती गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या बेअरिंगची. ते बेअरिंग त्यांच्याकडं नव्हतं. "लातूरमें मिलेगी. तीन घंटेका काम. वहाँतक आरामसे जाव, गाडी रुकनेवाली नहीं." किणकिण मात्र क्लचच्या बेअरिंगची होती. मी तार इतकी ताणून बांधली होती की ते बेअरिंग सतत टेकून फिरत होतं. "इतना टाईट कायको? ढील पाहिजे ना." त्यांनी नट फिरवून तार सैल केली. किणकिण जागच्या जागी बंद.

तार ताणलेली का होती ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. ढील दिली की मूठ पुढं सरकत होती, आणि सरांची बोटं तिच्यापर्यंत पुरणार नव्हती. आकृतीत मी मापून ठेवलं होतं. पण पाय नसलेल्या माणसासाठी मी काहीतरी बनवलंय, हे अनोळखी माणसापुढं बोलायचा मला संकोच वाटला. मी नुसतं "बरं" म्हणालो.

शनिवार : मुखेड ते जांब

आमचं गाव मुखेडपासून जवळ. मायला सरांना भेटायचं होतं, म्हणून ही वाट धरली होती. सकाळी तिनं सुशीला केला. भिजवलेले मुरमुरे, कांदा, वर दाण्याचा कूट. सरांसाठी ज्वारीच्या भाकरी आणि जवसाची चटणी फडक्यात बांधली. ती बांधत होती तेवढ्यात मी पाना घेऊन गाडीखाली गेलो आणि तार पुन्हा ताणली. दोन आटे. मुठीवर आकृतीचा कागद धरून पाहिला. आता बोटं पुरत होती. मला फार समाधान वाटलं होतं, हे मला चांगलं आठवतं.

माय पुढच्या आसनावर मांडी घालून बसली. गाडी सुरू झाली तशी म्हणाली, "काय करून राहिली रे ही? पोटात मांजर हाय काय हिच्या?"

"बेअरिंग गेलंय माय."

"कुठं गेलंय? आन् हे किण किण काय वाजतंय? काल तर हे बंद झालं म्हनलास."

"काही नाही."

"तुला इतकं शिकवलं सरानं. काई न्हाई म्हनायला?"

मुखेड सोडल्यावर रस्ता डोंगरात शिरतो. दोन्ही बाजूंना उघडे माळ, मध्येच तुरीचं एखादं हिरवं शेत. चढावर गाडी ओढेनाशी झाली. इंजिन जोरात पळे आणि चाकं तशीच रेंगाळत. मग जळका वास आला. मायनं पदर नाकाला लावला. मी उतरलो, तेव्हा खालून धूर येत होता.

काय झालं ते तिथं उभ्या उभ्या मला कळलं. ताणलेल्या तारेनं क्लच अर्धवट सुटलेला राहिला होता. चढावर प्लेट घसरली, तापली, आणि सतत टेकलेलं ते बेअरिंगही भाजून निघालं. हमीदभाईंनी नट फिरवून जे केलं होतं तेवढंच मी राहू दिलं असतं, तर यातलं काही झालं नसतं.

तार सैल केली तरी भाजलेली प्लेट चढावर पकडेना, म्हणून दिवसभर आम्ही तिथंच होतो. दोन एस.टी. गेल्या, मायला मी जा म्हणालो, ती गेली नाही. "सरासाठी गाडी चालली, अन् मी एस.टी.त बसू?" एका बाभळीच्या विरळ सावलीत बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "पोरानं बनवली. सरासाठी." लोक थांबून बघत. एकानं बॉनेटवर थाप मारून विचारलं, "चालते का?" मायच म्हणाली, "चालली असती तर तुमी बघितली असती व्हय?"

मी दर अर्ध्या तासानं घड्याळ पाहत होतो. लातुरातली दुकानं रविवारी बंद असतात. गुरगुरीचं बेअरिंग मिळायचं तर शनिवारीच. चार वाजले, पाच वाजले. सव्वापाचला उसाचा रिकामा ट्रॅक्टर मिळाला. त्यानं दोर बांधून जांबपर्यंत ओढलं. तिथल्या एका किराणा दुकानदारानं ओळख-पाळख नसताना ओसरी झाडून दिली. सरांसाठीच्या भाकरीतल्या दोन मायनं सोडल्या, बाकी पुन्हा बांधून ठेवल्या. 

रविवार : जांब ते रेणापूर

सकाळी प्लेट गार झाली होती. सैल केलेल्या तारेनं ती आता पकडत होती. गाडी चालत होती, पण मूठ दाबली की भाजलेलं बेअरिंग चिरकत होतं आणि सोडली की गुरगुर. म्हणजे आता शांत अशी स्थितीच उरली नव्हती. शिरूर, चाकूर करत, शक्य तितके कमी गिअर बदलत आलो. लातुरात खरोखरच सुट्या भागांच्या सगळ्या दुकानांची शटरं खाली होती. भिंती मात्र क्लासच्या पाट्यांनी भरल्या होत्या. मुलांचे फोटो, खाली गुण. मायला वाटलं निवडणूक आहे.

रेणापूरला तीन वाजता पोचलो. गाडी दारात उभी केली, इंजिन चालू ठेवून गिअर काढला, मूठ सोडली. तेवढ्यात घरातून बारीक खणखण ऐकू आली, आणि बाई अनवाणी धावत अंगणात आल्या. सरांचं नाव घेऊन ओरडत होत्या, "बाहेर या, बाहेर या!" शेजारची एक बाईही कडेवर मूल घेऊन बाहेर आली.

सर कुबडी घेऊन उंबऱ्यात आले. एक हात चौकटीला. "अगं, गाडी आहे ती," ते म्हणाले, पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

नंतर मला कळलं. भूकंपातून वाचलेल्या बऱ्याच लोकांच्या घरांत अशी सोय करतात. भिंतीतल्या फळीवर पितळी तांब्या, त्याच्यावर वाटी पालथी. जमीन जराही हलली की वाटी वाजते. सर एकदा म्हणाले होते की त्या पहाटे भिंती पडायच्या आधी जमिनीखालून आवाज आला होता. गिअरबॉक्सची गुरगुर तशीच होती, आणि तिच्यानं ती वाटी वाजत होती.

बाई आत यायला तयार होईनात. माय त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि त्यांचा हात धरून राहिली. सरांनी मात्र मला दारातून सांगितलं, "इंजिन बंद करू नको. मूठ दाब."

मी दाबली. वाटी थांबली.

"सोड."

वाजली.

"दाब. सोड." चार वेळा. मग म्हणाले, "गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग आहे. इंजिनाला वाटी हलत नाही बघ, यालाच हलते. दोघांचा सूर जुळलाय." वर्गात एखाद्या मुलाचा प्रयोग जमला की त्यांचा आवाज जसा व्हायचा तसा झाला होता. मला वाटलं, जमलं. सर घाबरलेले नाहीत.

मी त्यांना आसनावर बसवलं. आत बसल्यावर त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला. "दोन वर्षं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी अँगलचा एक सांधा अंगठ्यानं दाबून पाहिला. मग मूठ दाबली. बोटांची टोकं तेवढी जेमतेम पोचत होती. चिरका आवाज झाला, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पहिला गिअर बरोबर पडला.

"आता हळूहळू सोडा सर."

त्यांनी सोडायला सुरुवात केली. गुरगुर आली. घरात वाटी वाजली. त्यांनी पुन्हा दाबली. "आवाज एकदम येतो रे," म्हणाले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दुसरा हातही मुठीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी ती दाबून धरली. बोटांची पेरं पांढरी झाली. मी "सर," म्हणालो, तर मान हलवली, पण हात सुटेनात. शेवटी मी किल्ली फिरवली. इंजिन बंद पडल्यावर त्यांनी एकेक बोट उचललं.

"मला कळतंय बेअरिंग आहे ते," ते म्हणाले. "कळतंय मला."

"उद्या मी सोडतो सर तुम्हाला. मी चालवतो."

"उद्या तू सोडशील. परवा? मला स्वतःला नेता येईल तेव्हाच मी जाईन."

सोमवार : लातूर

सर येत नाहीत, हा निरोप सांगायला मी एकटाच गाडी घेऊन गेलो. पावणेसहाला क्लासच्या जिन्यात चपलांचा इतका ढीग होता की पाय ठेवायला जागा नव्हती. वर एका लांब खोलीत मुलं खाली सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली. कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या वह्या उघड्या. आमच्या मुखेडच्या वर्गात सर येईपर्यंत कोण गोंधळ असायचा.

चालक पस्तिशीचे, नम्र गृहस्थ होते. सर येऊ शकत नाहीत म्हटल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं. "आज नाही, की मुळीच नाही?"

"गाडी दुरुस्त होईपर्यंत. एक-दोन दिवस."

"माझ्यासमोर दोनशे मुलं बसलीत हो. आई-बाप गावाकडं ठेवून आलेली." त्यांनी आतल्या एका तरुणाला खूण केली. तो खडू घेऊन फळ्याकडं गेला. "सरांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या तोडीचा माणूस नाही, मला माहीत आहे. पण फळा मोकळा ठेवता येत नाही."

मी जिना उतरेपर्यंत तो तरुण शिकवायला लागला होता. बरं शिकवत होता.

नऊला दुकानं उघडली. दोन्ही बेअरिंगं मिळाली. गॅरेजवाल्यानं बाराला गाडी परत दिली, हमीदभाई म्हणाले होते तितक्याच वेळात. मूठ पुढं सरकते, बोटं पुरत नाहीत, हे मी या वेळी सांगितलं. त्यानं मुठीची पट्टी भट्टीत लाल केली, हातोड्यानं आत वाकवली आणि पाण्यात बुडवली. दहा मिनिटं लागली. तारेला ढील होती आणि मूठ सरांच्या आकृतीत बरोबर बसत होती.

रेणापूरला आलो तेव्हा गाडी दारात उभी राहिलेली कुणाला कळली नाही. सर आले, बसले, मूठ दाबली, सोडली. गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि वळवून परत आले. गिअर एकदाही अडला नाही. माय टाळ्या वाजवत होती. बाई दारात उभ्या होत्या, आत.

सर खाली उतरले. क्लासचं मी सांगितलं होतंच. ते म्हणाले, "उत्तम चालते." मग, "काय काय निघालं ते सांग."

मी भुशाचं सांगितलं. भंगारवाल्याचं सांगितलं. ते हसले. चढावर क्लच कसा जळला हे त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "जुनाच होता सर."

गाडी त्यांच्याकडं ठेवून मी आणि माय एस.टी.नं परतलो. नांदेडला आल्यावर आठ दिवसांनी मी त्यांना हे पत्र लिहिलं. त्यानंतरच हा प्रवास लिहायला घेतला.

*आदरणीय सरांना,*

*साष्टांग नमस्कार. बाईंना नमस्कार. आम्ही सुखरूप पोचलो. मायनं तुम्हा दोघांची चौकशी केली आहे.*

*तुम्ही क्लचचं कारण विचारलंत तेव्हा मी अर्धंच सांगितलं. क्लच जुना नव्हता. प्लेट आणि बेअरिंग मी नवीनच घातलं होतं. तुमची बोटं पुरावीत म्हणून मी तार ताणली होती. नायगावच्या मिस्त्रींनी ती सैल करून दिली आणि कारणही सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी ती पुन्हा ताणली. त्यांना कळतं त्यापेक्षा मला जास्त कळतं असं मला वाटलं, कारण तुमचा हात मी मोजला होता.*

*तसं केलं नसतं तर आम्ही शनिवारी अकराला लातुरात असतो. दुकानं उघडी होती. ज्या गाडीला तुम्ही सोमवारी उत्तम म्हणालात, तीच गाडी शनिवारी दुपारी तुमच्या दारात आली असती. बाईंना धावत बाहेर यावं लागलं नसतं. सोमवारी सहाला त्या खोलीत तुम्ही असता.*

*माय म्हणते, सरांना हे लिहून काय मिळणार, त्यांना आणखी त्रास. तिचं बरोबर असेल. पण भंगारवाल्याला तुम्ही हसलात आणि मी तुमच्याबरोबर हसलो, ते मला सोसत नाही. भुशानं तुमची सकाळ गेली नाही. माझ्यामुळे गेली.*

*तारेला आता जेवढी ढील आहे तेवढीच राहू द्यावी. कुणी ताणायला सांगितलं तरी ताणू नये.*

*आपला विद्यार्थी,*
*बालाजी*